परीखान्यांतील पाठशाळा

लखनौ हें नांव कानीं पडतांच आपल्या इकडील माणसाच्या डोळ्यांपुढें नवाबी थाट, मलिहाबादचे दशहरी आंबे, चिकनचें भरतकाम आणि बोलण्याचालण्यांतील अदब हीं उभीं राहतात. या सर्व गोष्टी लखनौंत आहेत व त्या पाहण्यासारख्याही आहेत. परंतु महाराष्ट्रीय प्रवाशानें त्या शहरीं जाऊन आणखी एक स्थळ पाहिल्यावांचून परत येऊं नये, असें आम्हांस वाटतें. तें स्थळ म्हणजे कैसरबागेंतील संगीताचें विद्यापीठ. मुंबईच्या वाळकेश्वरीं जन्मलेल्या एका वकिलानें ज्या कार्यासाठीं आपली वकिली सोडली, त्या कार्याचा वृक्ष तेथें १९२६ सालापासून उभा आहे.

आम्ही तेथें गेलों तें केवळ हौसेनें नव्हे. आमच्या घरीं तीन भावांची बिऱ्हाडें एकत्र नांदतात. त्यांतील आमच्या पुतणीनें बारावीची परीक्षा उत्तम गुणांनीं उत्तीर्ण होतांच, 'मला संगीताचीच पदवी घ्यावयाची आहे,' असें सर्वांसमक्ष सांगितलें. घरांत गाण्याचें वावडें कोणासच नाहीं. सणावारीं, मंगळागौरीला तिच्याच गाण्याचें कौतुक होत असे. पण कौतुक वेगळें आणि आयुष्याची दिशा वेगळी. आमचे वडील बंधू म्हणाले, 'गाणें शिकावें. पण पोटाला काय, याचा विचार आधीं व्हावा.' धाकट्या बंधूंचें म्हणणें असें कीं, गाणें गुरूजवळ शिकावयाचें असतें. वर्गांत बसून, घंटा वाजली कीं उठून, तें कोणाला आलें आहे? वाद चार दिवस चालला. शेवटीं, ज्या पद्धतीवर आज देशांतील बहुतेक संगीत-महाविद्यालयांचे अभ्यासक्रम उभे आहेत, तिचें उगमस्थानच एकदां पाहून यावें, असें ठरलें. आणि आम्ही उभयतां पुतणीला घेऊन निघालों.

मुंबईहून पुष्पक एक्सप्रेस लखनौस जाते. सुमारें चौदाशें किलोमीटरांचा हा प्रवास एक दिवस व एक रात्र घेतो. खानदेशांतील केळीच्या बागा मागें पडतात, नर्मदा ओलांडली कीं विंध्याचे उतार दिसूं लागतात, आणि झांशी आली कीं मराठी माणूस आपोआप खिडकीशीं सरकतो. कानपुरास गंगा ओलांडावयाची, म्हणजे लखनौ जवळ आलेंच. तेथील चारबाग स्टेशनची लाल-पांढरी इमारत आपल्या असंख्य घुमटींमुळें वरून पाहिल्यास बुद्धिबळाच्या पटावर मांडलेल्या मोहऱ्यांसारखी दिसते, असें म्हणतात. आम्हांस ती खालूनही तितकीच डौलदार वाटली.

कैसरबाग ही अवधचा शेवटचा नवाब वाजिद अली शाह यानें १८४८ ते १८५० या काळांत उभारली. मोठें चौरस उद्यान, भोंवतीं महालांच्या रांगा, मध्यें सफेद बारादरी आणि दोन बाजूंस उंच दरवाजे अशी तिची रचना होती. दरवाजांवर अवधच्या राजचिन्हांतील मत्स्यांच्या जोड्या अजून दिसतात. १८५६ सालीं कंपनी सरकारनें नवाबास पदच्युत करून कलकत्त्याजवळ मटियाबुर्ज येथें पाठविलें, व पुढच्याच वर्षींच्या धुमाळीनंतर कैसरबागेचा मोठा भाग पाडण्यांत आला. जो उरला त्यावरून गेलेल्या वैभवाची कल्पना करावयाची. या नवाबाला इतिहासानें विलासी म्हणून दोष दिला आहे. पण ठुमरी व कथ्थक या दोन कलांवर त्याचें ऋण मोठें आहे, हें त्याचे टीकाकारही नाकारीत नाहींत. बिंदादीन महाराजांचें घराणें याच लखनौचें. नवाबाच्या पदरच्या स्त्रियांना जेथें गायन व नृत्य यांचें शिक्षण दिलें जाई, तो परीखाना. संगीताचें विद्यापीठ आज ज्या वास्तूंत आहे ती याच नांवानें ओळखली जाते. एका काळीं एका माणसाच्या रंजनासाठीं जेथें सूर लागत, तेथें आज वाटेल त्या घरची मुलगी वही व तंबोरा घेऊन शिरूं शकते. हा पालट कसा झाला हें समजण्यासाठीं विष्णु नारायण भातखंडे यांचें चरित्र थोडें पाहिलें पाहिजे.

भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजीं, गोकुळाष्टमीस झाला. १८८५ सालीं बी. ए. व १८८७ सालीं एल्एल्. बी. होऊन त्यांनीं वकिली सुरू केली. विद्यार्थिदशेपासून त्यांना सतारीचा व गायनाचा नाद होता, आणि मुंबईच्या पारशी मंडळींनीं चालविलेल्या गायन उत्तेजक मंडळींत त्यांनीं अनेक गवयांपाशीं चिजा घेतल्या. पुढें पत्नी व कन्या या दोघींचाही वियोग झाल्यावर त्यांनीं संसाराचा पाश व वकिलीचा व्याप दोन्ही बाजूस सारले, आणि उरलेलें आयुष्य एका प्रश्नाला वाहिलें: आपलें गाणें जें प्रत्यक्ष गायलें जातें, त्याचें शास्त्र कोणतें? जुने संस्कृत ग्रंथ एक सांगत होते, गवई दुसरेंच गात होते, आणि दोहोंचा मेळ घालणारा कोणी नव्हता.

१९०४ सालीं ते दक्षिणेंत गेले. एट्टयापुरम् येथें सुब्बराम दीक्षितांची भेट घेतली; व्यंकटमखीच्या बहात्तर मेळांची व्यवस्था त्यांनीं तेथें नीट समजून घेतली. पुढील कांहीं वर्षांत नागपूर, कलकत्ता, काशी, दिल्ली, जयपूर असा प्रवास त्यांनीं केला. जेथें हस्तलिखित असेल तेथें ग्रंथालयांत बसावें, जेथें गवई असेल तेथें त्याच्या दारीं जावें, असा त्यांचा क्रम होता. या परिश्रमांतून 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' हा संस्कृत ग्रंथ, 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हे चार मराठी भाग, आणि घराण्याघराण्यांतून मिळविलेल्या चिजा स्वरलिपीसह देणारीं 'क्रमिक पुस्तक मालिके'चीं सहा पुस्तकें निर्माण झालीं. या मालिकेंत अठराशेंच्या आसपास चिजा आहेत. ज्या चिजा बाप मुलाला द्यावयालाही खळखळ करी, त्या छापून बाजारांत आल्या. यानें कित्येक खांसाहेब रागावले असतील, तर नवल नाहीं. पण कित्येक चिजा काळाच्या तोंडून वांचल्या, हेंही खरें.

येथें एक गंमतीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. 'संगीतरत्नाकर' या ग्रंथाचा कर्ता शार्ङ्गदेव याचे पूर्वज काश्मीरचे. पण त्यानें आपला ग्रंथ तेराव्या शतकांत यादवांच्या देवगिरीस, म्हणजे आपल्या आजच्या दौलताबादेस लिहिला. उत्तरेकडून आलेल्या घराण्यांतील पंडितानें महाराष्ट्रांत शास्त्र सांगितलें, आणि सुमारें सात शतकांनंतर महाराष्ट्राच्या पंडितानें उत्तरेंत जाऊन पाठशाळा उघडली. सुरांच्या व्यवहारांत देवाणघेवाणीचा हिशेब असा फिटतो.

ग्रंथ झाले, पण ग्रंथ शिकविणारी शाळा हवी होती. भातखंडे यांच्या पुढाकारानें पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ सालीं बडोद्यास भरली; पुढें दिल्ली, काशी व दोनदां लखनौ येथें परिषदा झाल्या. ग्वाल्हेरीस माधवराव शिंदे यांच्या आश्रयानें १९१८ सालीं माधव संगीत विद्यालय निघालें. लखनौच्या परिषदांतून जी जागृति झाली तिचा लाभ घेऊन राय उमानाथ बली व त्या वेळचे प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांनीं १९२६ सालीं तेथें महाविद्यालय स्थापिलें. तत्कालीन गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्या नांवावरून तें 'मॅरिस कॉलेज' झालें. तबल्यास लखनौ घराण्याचे खलिफा आबिद हुसेन खां, सरोदास सखावत हुसेन खां असे परंपरेचे उस्ताद तेथें शिकवूं लागले. भातखंडे स्वतः १९ सप्टेंबर १९३६ रोजीं, गणेशचतुर्थीस निवर्तले. १९६६ सालीं उत्तर प्रदेश सरकारनें महाविद्यालय आपल्याकडे घेऊन त्यास त्यांचें नांव दिलें. २००० सालीं त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि २०२२ सालापासून तें 'भातखंडे संस्कृति विश्वविद्यालय' झालें आहे.

आतां आमच्या वाचकांच्या खऱ्या प्रश्नाकडे वळूं. अशा ठिकाणीं शिकावयाचें म्हणजे काय करावें लागतें?

प्रथम प्रवेश. संगीताच्या पदवीला केवळ बारावीचे गुण चालत नाहींत. प्रत्यक्ष परीक्षा होते. षड्ज स्थिर लागतो का, ऐकलेला स्वर ओळखतां व म्हणतां येतो का, हातानें ताल धरला असतां तो सुटत नाहीं ना, आणि एखादा राग थोडक्यांत मांडतां येतो का, एवढें प्रामुख्यानें पाहिलें जातें. यावरून एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. पदवी हा संगीताचा श्रीगणेशा नव्हे. ज्या मुलाला वा मुलीला ही वाट धरावयाची आहे, त्याची चारपांच वर्षांची बैठक आधीं घरीं झालेली असावी. आपल्याकडे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा यासाठीं उपयोगी पडतात. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. त्यांच्या निधनानंतर १९३१ सालीं शिष्यांनीं हें मंडळ स्थापिलें. प्रारंभिक, मग प्रवेशिका, मध्यमा व विशारद यांच्या प्रत्येकीं प्रथम आणि पूर्ण अशा सात पायऱ्या चढल्या म्हणजे विशारद होतां येतें; वर अलंकाराच्या दोन. खाजगी शिक्षकाकडे शिकूनही या परीक्षा देतां येतात, ही त्यांची मोठी सोय.

दुसरें, अभ्यासाचा क्रम. भातखंडे-पद्धतींत सर्व रागांचीं दहा कुटुंबें कल्पिलीं आहेत, त्यांस थाट म्हणतात: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी व तोडी. नवशिक्यानें प्रथम या दहा थाटांचे दहा आश्रयराग घ्यावयाचे. क्रमिक मालिकेच्या दुसऱ्या पुस्तकांत तेच आहेत. तिसऱ्यांत भूप, केदार, बिहाग, भीमपलासी, मालकंस आदिकरून पंधरा राग येतात, चौथ्यांत वीस, आणि पुढील दोहोंत अप्रसिद्ध रागांचें मोठें भांडार. प्रत्येक रागांत आधीं सरगम, मग लक्षणगीत, नंतर ख्याल, ध्रुपद, धमार, तराणा. लक्षणगीत ही भातखंडे यांच्या हातोटीची चीज आहे: रागाचा वादी कोणता, वर्ज्य स्वर कोणते, वेळ कोणती हें सारें त्या गीताच्या शब्दांतच गुंफलेलें असतें, म्हणजे गातां गातां व्याकरण पाठ होतें. अशा कित्येक गीतांत त्यांनीं स्वतःचें नांव न घालतां 'चतुर' ही मुद्रा घातली आहे.

तिसरी गोष्ट स्वरलिपि. वर्गांतील मुलींच्या वह्या आम्हीं पाहिल्या. स्वराखालीं आडवी रेघ असेल तर तो कोमल, मध्यमावर उभी रेघ असेल तर तो तीव्र. खालीं टिंब मंद्र सप्तकाचें, वर टिंब तार सप्तकाचें. सम गुणिलेच्या चिन्हानें व खाली शून्यानें दाखवावयाची. चिन्हें इतकीं थोडीं व सुटसुटीत आहेत कीं, चौथी इयत्तेंतील मूलही तीं एका दुपारीं शिकेल. पण वहींतला कोमल गंधार आणि गळ्यांतला कोमल गंधार यांत अंतर असतें. एका वर्गाच्या दाराशीं आम्ही थोडा वेळ उभे होतों. एका विद्यार्थिनीनें बागेश्रीची ओळ वहींत होती तशीच बिनचूक म्हटली. बाईंनीं मान हलविली आणि तीच ओळ स्वतः म्हणून दाखविली. स्वर तेच, क्रम तोच, तरी गंधार मध्यमाच्या आधारानें असा काय आला कीं, सारा वर्ग स्तब्ध झाला. मुलीनें तो पुनः पुनः घेतला. आठव्या कीं नवव्या वेळीं बाई 'हां' म्हणाल्या. वहींत कांहींच बदललें नव्हतें. आमची पुतणी आमच्या शेजारीं उभी राहून तोंडांतल्या तोंडांत तोच गंधार घेत होती.

चौथी गोष्ट लय. येथें गणितापासून सुटका नाहीं. सोळा मात्रांचा त्रिताल, बारांचा एकताल व चौताल, दहांचा झपताल, सातांचा रूपक, पांच-दोन-तीन-चार अशा खंडांचा चौदा मात्रांचा धमार, हे सर्व हातावर म्हणतां आले पाहिजेत. ध्रुपद दुगुण, तिगुण, चौगुण करून दाखवावें लागतें. चौतालांतील एका आवर्तनाची ओळ दुप्पट लयींत सहा मात्रांत संपते, म्हणून ती समेवर पोंचण्यास सातव्या मात्रेपासून उचलावयाची. तिगुण नवव्यापासून, चौगुण दहाव्यापासून. कागदावर हें सोपें. समोर पखवाज वाजत असतां भल्याभल्यांची मात्रा हरवते. जे पालक मुलीला गणित नको म्हणून गाण्यास घालूं पाहतात, त्यांनीं हें वाचून ठेवावें.

पांचवी गोष्ट शास्त्र. लेखी परीक्षेंत बावीस श्रुतींची विभागणी, भरतापासून शार्ङ्गदेवापर्यंतचे ग्रंथ, घराण्यांचा इतिहास, गायकांचीं चरित्रें, समप्रकृतिक रागांतील भेद, ऐकलेल्या वा आठवलेल्या चिजेची स्वरलिपि लिहिणें, असे विषय असतात. रागांच्या वेळेची उपपत्ति यांत विशेष रम्य. कोमल रिषभ व शुद्ध गंधार घेणारे भैरव, पूर्वी, मारवा यांसारखे राग पहांटे व सायंकाळीं, दिवसरात्रीच्या सांध्यावर. त्यांच्यामागून रिषभ-धैवत शुद्ध असलेले बिलावल, कल्याण, खमाज. आणि त्यांच्याही मागून कोमल गंधार-निषादाचे काफी, आसावरी, भैरवी. अपवाद आहेत, मतभेदही आहेत. तोडी कोठें बसवावी यावर विद्यार्थी तासभर भांडूं शकतात. तरीपण पहांटे चिमण्या बोलूं लागल्यावर भैरवाचा आंदोलित रिषभ ऐकणाऱ्यास ही उपपत्ति कोणी पटवून देण्याची गरज राहत नाहीं.

हें सारें हिंदींतून शिकवितात. ज्या पुस्तकांचा अभ्यास आमच्या पुतणीस तेथें हिंदी भाषांतरांतून करावा लागेल, तीं मूळ मराठींतच लिहिलेलीं आहेत. चार भागांचा तो गुरुशिष्यसंवादरूप ग्रंथ आपल्या किती घरांत आहे, असा प्रश्न आमच्या मनांत आला.

आतां धाकट्या बंधूंच्या आक्षेपाचा विचार. महाविद्यालयांतून गवई निघतो काय? हा आक्षेप नवा नाहीं. मॅरिस कॉलेज निघालें त्या दिवसापासून तो आहे, आणि त्यांत तथ्यही आहे. चाळीस मिनिटांच्या तासांत वीस जणांना एकदम शिकवून गळा तयार होत नाहीं. पण याच संस्थेचा इतिहास या आक्षेपाचें उत्तरही देतो. भातखंडे यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे मुंबईचे. भातखंड्यांजवळ शिकल्यावर ते बडोद्यास आफताब-ए-मौसिकी फैयाज खां यांचे गंडाबंध शागीर्द झाले, आणि विद्यापीठाची पदवीही त्यांनीं घेतली. १९२८ च्या सुमारास त्यांनीं लखनौच्या महाविद्यालयाचीं सूत्रें हातीं घेतलीं तीं पुढें सुमारें तीस वर्षें सांभाळलीं. पैशाची ओढ नेहमींचीच होती. तरी त्यांच्या हाताखालीं चिदानंद नगरकर, सुमति मुटाटकर, दिनकर कायकिणी, एस्. सी. आर. भट अशी मंडळी तयार झाली. बेळगांवाकडील कृष्ण गुंडोपंत गिंडे तर अकराव्या वर्षीं लखनौस आले ते रातंजनकरांच्याच घरीं, घरचे होऊन राहिले. चित्रपटसंगीतांत नांव मिळविलेले रोशन व तलत महमूद हे याच संस्थेंत शिकले. सिंहली संगीताचे थोर कलावंत अमरदेव हेही समुद्र ओलांडून येथें आले.

या नांवांकडे नीट पाहिलें म्हणजे एक मर्म ध्यानांत येतें. वर्ग सर्वांसाठीं होता. पण जे गवई झाले, त्यांच्या वाट्याला वर्ग सुटल्यानंतरचा गुरुही आला होता. सकाळीं गुरूच्या घरीं तंबोरा, दिवसा वर्गांत शास्त्र, संध्याकाळीं पुनः गुरूच्या मागें बसून साथ, असा त्यांचा दिवस होता. महाविद्यालयानें गुरुकुल मोडलें असें म्हणण्यापेक्षां, महाविद्यालय तेव्हांच फळलें जेव्हां त्याच्या आंत गुरुकुल जिवंत होतें, असें म्हणणें अधिक खरें. पुणें विद्यापीठाच्या ललित कला केंद्राच्या नांवांतच 'गुरुकुल' हा शब्द जोडलेला आहे, तो यासाठींच असावा. मुंबई विद्यापीठांत व श्रीमती नाथीबाई ठाकरसी महिला विद्यापीठांतही संगीताच्या पदव्यांची सोय आहे. लखनौस जावयाचें नसेल त्यांना घराजवळही वाट आहे.

राहिला वडील बंधूंचा प्रश्न, पोटाचा. तोही क्षुद्र मानूं नये. पदवी व पदव्युत्तर शिक्षण झाल्यावर शाळा-महाविद्यालयांत शिक्षकाची जागा मिळूं शकते. महाविद्यालयासाठीं 'नेट' परीक्षा द्यावी लागते, व ती संगीत विषयांतही असते. आकाशवाणीची स्वरपरीक्षा उत्तीर्ण झाल्यास बी, बी-हाय, ए व टॉप अशा श्रेणी मिळतात. ध्वनिमुद्रण, संगीतसंशोधन, खाजगी वर्ग हीं आणखी क्षेत्रें. परंतु स्पष्ट सांगावयाचें तर बैठकीचा कलावंत होऊन त्यावर संसार चालविणारे फार थोडे. ज्याला पंचविसाव्या वर्षीं निश्चित पगार हवा, त्यानें हा मार्ग धरूं नये; ज्याला पस्तिसाव्या वर्षापर्यंत थांबण्याची तयारी आहे व ज्याचें घर तोंवर पाठीशीं उभें राहील, त्यानें अवश्य धरावा.

परत आल्यावर आम्हीं हा सर्व वृत्तांत घरीं सांगितला. सर्वांचें ऐकून घेऊन आमच्या मातोश्रींनीं एकच विचारलें, 'पोरीनें पहांटे सूर कोठें लावायचा? एका खोलींत परीक्षेवाले झोपलेले, दुसरींत दूरदर्शनचा गोंधळ, आणि माझ्या खोलींत ती मला जागें करायला भिते. आधीं जागा द्या, मग कॉलेज शोधा.' त्या स्वतः लग्नापूर्वीं तीन वर्षें गाणें शिकल्या होत्या, आणि सासरीं आल्यावर तें का थांबलें हें त्यांना कोणी कधीं विचारलें नव्हतें. त्या दिवशींही कोणी विचारलें नाहीं. पण वडील बंधू उठले आणि त्यांनीं आपली कागदपत्रांची लहान खोली रिकामी करावयास घेतली.

पुतणीचें ठरलें तें असें. एक वर्ष तिनें घरीं राहून गुरूजवळ रोज दोन तास बसावें, मध्यमा पूर्ण करावी, दहाही आश्रयराग गळ्यावर चढवावे, आणि मग पुण्यास वा लखनौस प्रवेशाची परीक्षा द्यावी. कोणत्याही विद्यापीठांत गेली तरी एका गुरूचा हात धरून ठेवावा. खर्च तीन बिऱ्हाडांनीं वांटून घ्यावा, म्हणजे कोणा एकाच्या मनांत पुढें कमीजास्त राहणार नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असा प्रश्न उभा असेल, त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे. नियम, शुल्क व जागा यांची माहिती त्या त्या विद्यापीठाकडून ताजी घ्यावी, कारण तीं बदलत असतात. शास्त्र, स्वरलिपि, परीक्षा आणि पदवी महाविद्यालय देईल. गुरु शोधावा लागेल. परंतु पहांटेचे दोन तास, दार लावून घेतां येईल अशी एक खोली, आणि 'अजून किती दिवस तेंच तेंच?' असें न विचारणारीं माणसें, या तीन गोष्टी कोणत्याही अभ्यासक्रमांत लिहिलेल्या नसतात. त्या घरानेंच द्यावयाच्या असतात. आणि मूल प्रवेशपत्रिका भरूं लागण्यापूर्वीं द्यावयाच्या असतात.